समुदायासोबत संशोधन करायचे असेल, तर विषयाआधी महिना ठरवा

नागपुरात समाजकार्य, ग्रामीण विकास किंवा शांतता अभ्यास या विषयांत पदव्युत्तर प्रवेश घेतलेले विद्यार्थी पहिल्या सत्रात बहुधा एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे लघुशोधप्रबंधासाठी विषय कोणता घ्यावा. माझे त्यांना सांगणे असते की, विषय काही आठवड्यांनी ठरला तरी चालेल. गावात कोणत्या महिन्यात जायचे, हे मात्र आजच ठरवावे. सहभागी कृतिसंशोधन, म्हणजे लोकांना बरोबर घेऊन त्यांच्याच प्रश्नांवर केलेले संशोधन, आणि त्यामागचे विचारवंत पाउलो फ्रेअरी, ओरलांदो फाल्स बोर्दा हे सर्व वर्गात येईलच. वेळापत्रकाविषयी वर्गात फारसे कोणी बोलत नाही आणि माझे पाऊल नेमके तिथेच अडकले.

चौथे सत्र जानेवारीत सुरू होते. आराखडा मंजूर होईपर्यंत फेब्रुवारी उजाडतो, मुलाखतीची प्रश्नावली मार्गदर्शकांकडून तपासून येईपर्यंत मार्च संपत येतो आणि विद्यार्थी प्रत्यक्ष गावात पोहोचतो तो एप्रिलमध्ये. पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात हाच काळ मोहफुलांचा आणि त्याला लागूनच तेंदूपत्त्याचा असतो. पहाटे उजाडण्यापूर्वी बायका मोह वेचायला गेलेल्या असतात, दुपारी वाळवणीचे काम असते आणि तेंदूचा हंगाम सुरू झाला की घरातील मुलांसकट सारे पाने तोडण्यात व पुडके बांधण्यात गुंतलेले असतात. वर्षभराच्या रोख उत्पन्नाचा मोठा भाग या काही आठवड्यांत हाती येतो, त्यामुळे तुमच्या प्रश्नावलीसाठी कोणी थांबावे, अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मी याच काळात गेले होते. माझा विषय ग्रामसभेच्या वनविषयक निर्णयांत स्त्रियांचा सहभाग हा होता आणि ज्यांच्याशी बोलायचे, त्या सर्व स्त्रिया जंगलात होत्या.

यातील खरा धोका नीट समजून घ्यावा, कारण तो वरवर दिसत नाही. गावात माणसे भेटतातच. प्रश्नावल्या भरल्या जातात, तक्ते पूर्ण होतात आणि अहवालही लिहून होतो. भेटतात ती मात्र वयोवृद्ध माणसे, दुकानदार, पगारदार आणि चौकात बसण्याइतकी सवड असलेले पुरुष. त्यांची उत्तरे प्रामाणिक असली तरी ती संपूर्ण गावाची नसतात आणि आपण मात्र शीर्षकात ‘समुदायाचा दृष्टिकोन’ असे लिहून मोकळे होतो. थकून संध्याकाळी परतलेली बाई पाहुणीचा मान राखायचा म्हणून दोन मिनिटे बोलते आणि प्रत्येक प्रश्नाला होकार देते. तो होकार टक्केवारीत गेला की पुढे कोणालाही त्यातील थकवा दिसत नाही. शिवाय निष्कर्ष गावापुढे मांडून ते लोकांकडून दुरुस्त करून घेणे, हा सहभागी कृतिसंशोधनाचा गाभाच आहे. एप्रिलमध्ये सुरुवात करणाऱ्याच्या हातून तोच टप्पा सुटतो, कारण तोवर प्रबंध बांधणीला गेलेला असतो.

त्यामुळे गावाचे वर्ष आधी कागदावर मांडावे. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, दिवाळीच्या सुमारास व नंतर कापणी आणि मळणी, फेब्रुवारीपासून मिरची तोडणीसाठी तेलंगणात जाणारी कुटुंबे, मार्चपासून मोह आणि मग तेंदू. मोकळा काळ उरतो तो साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यातील, नाटकांचेही हेच दिवस असल्याने गाव एकत्र येण्याच्या मनःस्थितीत असते. म्हणजे तिसऱ्या सत्राची परीक्षा होताच निघता आले पाहिजे आणि त्यासाठी आराखडा दुसऱ्या सत्राअखेर तयार हवा. हे अवघड वाटते, पण अशक्य मुळीच नाही. नागपूर सोडणे शक्य नसेल तर शहरातील वस्तीत काम करावे. मात्र सकाळी मजूर नाक्यावर उभे राहणाऱ्यांचे आणि चार घरी धुणीभांडी करणाऱ्या स्त्रियांचेही स्वतःचे वेळापत्रक असते. तेही तितक्याच आदराने पाळावे.

परवानगीच्या बाबतीत सरपंचांची सही पुरेशी मानू नका. निवडून आलेली ग्रामपंचायत आणि गावातील सर्व मतदारांची ग्रामसभा या वेगळ्या आहेत, आणि 1996 च्या पेसा कायद्याने (आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीचा कायदा) व 2006 च्या वनहक्क कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला जो अधिकार दिला आहे, तो संशोधकानेही मानला पाहिजे. धानोरा तालुक्यातीलच मेंढा (लेखा) येथे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि गावाचे अभ्यासगट आहेत. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. एवढा विचार करून चालणाऱ्या गावात बाहेरून आलेल्याने आपला हेतू सभेत उभे राहून सांगावा, हे किमान सौजन्य आहे. त्याच वेळी सभेच्या होकाराने व्यक्तीची संमती आपोआप मिळत नाही; भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात.

शांतता हा विषय घेणाऱ्यांना एक स्पष्ट इशारा. गडचिरोलीत जाऊन सशस्त्र गटांविषयी किंवा पोलिसांविषयी थेट प्रश्न विचारू नका आणि वहीत खरी नावे लिहू नका. तुम्ही नागपूरला परत येता. उत्तर देणारा तिथेच राहतो. शांतता अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी 1969 मध्ये संरचनात्मक हिंसेची, म्हणजे समाजरचनेतील विषमतेमुळे माणसांच्या वाट्याला येणाऱ्या हानीची, जी मांडणी केली, तिचा उपयोग इथे होतो. प्रत्यक्ष हिंसा थांबणे ही शांततेची एक बाजू झाली. रेशन, शाळा, दवाखाना आणि जंगलावरचा हक्क यांविषयी विचारले तर दुसरी बाजू समजते आणि कोणाचा जीवही धोक्यात येत नाही.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या प्रकाशनांची यादी पाहण्यापेक्षा ते अलीकडे कोणत्या गावात मुक्कामी राहिले, हे विचारावे. ज्यांना गाव आठवते, ते तुमच्या तारखा समजून घेतात; बाकीचे केवळ पृष्ठसंख्या मोजतात, असे माझे ठाम मत आहे. मागील वर्षाच्या प्रबंधातील प्रश्नावली उचलणे, एका दुपारी गावनकाशा काढून त्यालाच सहभाग म्हणणे आणि गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्यांशी दुभाष्याशिवाय मोडक्या हिंदीत बोलणे, हे तिन्ही मार्ग कायमचे वर्ज्य समजा. दुभाषी शक्यतो त्याच परिसरातील असावा, पण तो सरपंचांच्या किंवा पाटलांच्या घरातील नसावा आणि त्याला कामाचा मोबदला द्यावा.

काम लहान आहे म्हणून खचू नका. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांचा ग्रामीण स्त्रियांच्या आजारांवरील अभ्यास गडचिरोलीतील अवघ्या दोन गावांत झाला होता आणि 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर जगभर त्याची दखल घेतली गेली. एक टोला (पाडा) नीट समजला, तरी पदव्युत्तर पातळीला ते भरपूर आहे. कमी मुलाखतींबद्दल परीक्षक विचारतीलच; तेव्हा कोणाशी, कोणत्या महिन्यात आणि का बोललात, हे शांतपणे सांगता आले की बहुतेक शंका तिथेच मिटतात.

निष्कर्षांचा चार-पाच पानी मराठी सारांश फेब्रुवारीतच तयार ठेवा आणि मोह सुरू होण्यापूर्वी तो सभेत वाचून दाखवा. लोकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या प्रबंधात घ्यायला त्यानंतरही वेळ उरतो. ते जमले नाही, तर तेंदूचा हंगाम आटोपल्यावर आणि पेरणी सुरू होण्यापूर्वी जूनच्या आरंभी काही दिवस मिळतात. त्यासाठीची तारीख ग्रामसभेकडूनच मागून घ्या आणि ती मिळाल्यावरच नागपूरहून गाडीचे तिकीट काढा.