बन्सी गुणिले खपली: तांबेऱ्याला पुरून उरणारा गहू वावरातच कसा बनवायचा

सेंद्रिय शेतीत गव्हावर तांबेरा (पानांवर नारिंगी भुकटीचे फोड आणणारा बुरशीचा रोग) आला की फवारायला हाती फारसं काही नसते भाऊ, म्हणून ताकद बियाण्यातच पाहिजे, पण घाई नको, ६-७ रब्बी जातात याच्यात.

आधी जोडी नीट लावा. बन्सी म्हणजे आपला जुना देशी गहू, अन् खपली म्हणजे तांबेऱ्याला सहसा दाद न देणारा टरफलवाला गहू. मी पहिल्यांदा लोक-१ (नेहमीचा पोळीचा गहू) अन् खपलीचा क्रॉस म्हणजे संकर केला, झाडं आली पण लोंब्या पोचट, कारण लोक-१ ची गुणसूत्रं ४२ अन् खपलीची २८. बन्सीची पण २८च, म्हणून बन्सी आई अन् खपली बाप. खपली उशिरा फुलते, तिला १०-१० दिवसांच्या अंतरानं दोनतीनदा पेरा, नाहीतर फुलोरा जुळतच नाही.

बन्सीची लोंबी पानातून अर्धी बाहेर आली की हातात बारीक चिमटा घ्यायचा, प्रत्येक फुलात ३ परागकोश असतात, ते हिरवे असतानाच काढायचे, म्हणजे ती स्वतःच्याच परागानं फळणार नाही (पिवळा दिसला की ते फूल गेलं समजा), मग बटर पेपरची पिशवी चढवायची, २-३ दिवसांनी सकाळी खपलीचे पिवळे परागकोश आत झटकायचे अन् परत पिशवी. चष्मा लागतो बाप्पा, अन् पाठीचं तर विचारूच नका.

दुसऱ्या वर्षी हे संकराचे दाणे पेरले की सगळी झाडं सारखीच दिसतात, काही निवडू नका, नुसतं बी वाढवा. खरा खेळ तिसऱ्या वर्षी, तेव्हा ५००-१००० दाणे सुटे सुटे टोबायचे, खत फक्त शेणखत, अन् कडेनं साध्या बन्सीच्या २ ओळी, म्हणजे तांबेरा तिच्यावर येऊन आत पसरेल. हो, रोग येऊ द्यायचा! लोकं इथंच चुकतात, मोठी लोंबी पाहून हुरळतात. तुम्ही पान पाहा, बोटाला नारिंगी भुकटी लागते का ते पाहा. अन् एकदम कोरंच झाड पाहिजे असं नाही, थोडे फोड पण सावकाश वाढणारे, अशी झाडंही ठेवा, कारण एकाच जनुकाच्या जोरावर कोरं राहिलेलं झाड रोगानं रूप बदललं की एका झटक्यात पडतं. बरीच झाडं खपलीसारखी टरफलवाली निघतील, मळायला त्रास, ती ठेवायची का नाही ते आपलं आपण ठरवा.

पुढं निवडलेल्या प्रत्येक झाडाच्या बियाची वेगळी ओळ, ओळीतून परत झाड, असं ओळ एकसारखी दिसेपर्यंत. काळ्या काणीची (दाण्याऐवजी काळी भुकटी करणारा रोग) लोंबी दिसली की न झटकता पिशवीत घालून जाळा. ती दाण्याच्या आतून येते, म्हणून मे महिन्यात बी सकाळी ४ तास भिजवून दुपारच्या कडक उन्हात पातळ पसरवून वाळवा, आपल्याकडच्या उन्हाचा एवढा तरी फायदा घ्या.