एका केळ्यातून समजणारे रसायनशास्त्र: पिष्ट, साखर आणि बंध

अकरावीच्या जीवशास्त्रात कर्बोदके शिकताना ग्लुकोज, सुक्रोज आणि पिष्ट (स्टार्च) ही नावे वेगवेगळी पाठ केली जातात. खरा फरक त्यांच्यातल्या बंधांत असतो. तो डोळ्यांनी पाहायचा तर रावेर-यावलकडची केळी पुरेशी आहेत. एक हिरवे, एक पिवळे आणि एक काळे ठिपके पडलेले, अशी तीन घ्या.

आधी आयोडीन द्रावण बनवा. 2 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड अगदी थोड्या पाण्यात विरघळवा, त्यातच 1 ग्रॅम आयोडीन घालून ढवळा. ते पूर्ण विरघळले की पाणी घालून 100 मिली करा. हा क्रम उलटवू नका, कारण आयोडीन नुसत्या पाण्यात जेमतेम विरघळते. आयोडाइडशी जोडले गेले तरच ते पाण्यात उतरते. पाणी ऊर्ध्वपातित हवे. गॅरेजवर मिळणारे बॅटरीचे पाणी चालते, बोअरचे नको. वापरताना कोऱ्या चहाच्या रंगाइतके पातळ करा.

केळ्याच्या 3-4 मिमी जाडीच्या चकत्या कापा, दोन-तीन थेंब टाका आणि मिनिटभर थांबा. हिरव्या केळ्याची चकती काळी-निळी होते, पूर्ण पिकलेल्याची जवळपास पिवळसरच राहते. पिष्टात शेकडो ग्लुकोज रेणू साखळीने जोडलेले असतात. ही साखळी मळसूत्रासारखी वळते आणि आयोडीन तिच्या पोकळीत शिरते, त्यातून हा रंग येतो. पिकताना विकरे (एन्झाइम) पाण्याच्या मदतीने बंध तोडतात. यालाच जलापघटन म्हणतात. साखळी तुटली की पोकळी जाते, रंगही जातो.

रंग आलाच नाही तर तीन गोष्टी तपासा. चकती काळी पडू नये म्हणून कुणी लिंबू चोळले का? त्यातले क जीवनसत्त्व आयोडीनचे आयोडाइड करते आणि रंग उडतो. भांड्याला धुण्याचा सोडा चिकटलेला असला तरी हेच होते. चकती गरम असेल तर निवू द्या, रंग परत येतो.

आता साखर. 5 ग्रॅम गर 20 मिली पाण्यात वाटून गाळा. परीक्षानळीत 2 मिली बेनेडिक्ट द्रावण (साखर ओळखणारे, तांब्याचे आयन असलेले निळे द्रावण) आणि 1 मिली रस घेऊन नळी उकळत्या पाण्यात 5 मिनिटे ठेवा. थेट ज्योतीवर धरली तर द्रावण उसळून अंगावर येते. पिकलेल्या केळ्याचा रस विटकरी गाळ देतो, हिरव्याचा निळा किंवा फार तर हिरवट राहतो. ग्लुकोजसारखी साखर तांब्याच्या आयनाला इलेक्ट्रॉन देते, तोच क्षपणाचा (इलेक्ट्रॉन मिळण्याचा) पुरावा. (वेफर्सला कच्चीच केळी का लागतात, तेही इथेच कळते: साखर जास्त असली की काप तेलात करपट तपकिरी होतात.)

किराणा दुकानातल्या साखरेचे, म्हणजे सुक्रोजचे, पाणी मात्र निळेच राहील. सुक्रोजमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आपापल्या क्रियाशील टोकांनीच एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे तांब्याशी क्रिया करायला टोक मोकळे उरत नाही. या पाण्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे 3 थेंब टाकून 5 मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवा. मग फेस थांबेपर्यंत चिमूट-चिमूट खायचा सोडा घाला आणि पुन्हा बेनेडिक्ट करा. आता विटकरी गाळ येतो. सोडा विसरलात तर निकाल चुकतो, कारण बेनेडिक्ट आम्लारिधर्मी द्रावणातच काम करते.