फवारा उचलण्याआधी: गुलाब-जास्वंदीच्या बुरशीबाबत या चुका टाळा

पावसाळा लागला की तोच प्रश्न येतो: "गुलाबाची पानं पिवळी पडून गळतायत, कुठलं औषध मारू?" औषधाचं नंतर बघू. आधी सांगा, पाणी कधी आणि कुठे घालता?

पानावर काळे, विस्कटलेल्या कडांचे डाग आणि भोवती पिवळेपणा, म्हणजे काळा ठिपका हा बुरशीचा रोग. या बुरशीला रुजायला पान साधारण 7 तास सलग ओलं लागतं. संध्याकाळी नळीनं वरून पाणी मारलं की पान रात्रभर ओलंच राहतं. मी सकाळी आणि फक्त बुंध्याशी पाणी घालते. गळलेली पानं रोज उचलते, ती कंपोस्टमध्ये टाकत नाही. डाग पडलेलं पान कुठल्याही औषधानं पुन्हा हिरवं होत नाही. मँकोझेब हे बुरशीनाशक (लिटर पाण्याला 2 ग्रॅम) नवी पानं वाचवतं, इतकंच. पण नवशिक्यांना दोन दिवसांत फरक हवा असतो. तो दिसला नाही की डोस दुप्पट!

याहून जास्त चीड येते ती "पांढरं दिसलं म्हणजे भुरी (पानावर पांढरी पूड धरणारी बुरशी)" या समजुतीची. आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या जास्वंदीवर पांढरे पुंजके आले. त्यांनी गंधक फवारलं. पुंजके हलेनात, म्हणून भर मे महिन्यात, दुपारी, दुप्पट गंधक मारलं आणि वर लगेच नीमतेल. पानं करपून झाड उघडं पडलं. मी पाहायला गेले तर फांद्यांवर मुंग्यांची रांग! ती बुरशी नव्हतीच, मिलीबग होता, म्हणजे रस शोषणारी कीड; तिच्या गोड चिकट स्रावासाठीच मुंग्या येतात. बोट फिरवून बघायचं: पिठासारखी पूड निघाली तर भुरी, कापसासारखा चिकट पुंजका निघाला तर कीड. किडीला पाण्याचा जोरदार फवारा द्या, मग साबणाचं पाणी. गंधक पारा 32 अंशांच्या वर असताना मारायचं नाही, आणि गंधक व तेल यांच्यात दोन आठवडे तरी जाऊ द्यायचे.

पाऊस थांबला म्हणजे बुरशी गेली, असं धरून चालू नका. भुरीला ओलं पान लागतच नाही, ती थंडीतही येते.

कुंड्या एकमेकींना खेटून ठेवू नका, मधून हवा खेळू द्या.

ऑक्टोबरच्या छाटणीत प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटनं पुसा आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, नाहीतर फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली वाळत येते. तशी वाळू लागलीच, तर काळ्या भागाच्या दोन इंच खाली, आतून पांढरा-हिरवा गाभा दिसेपर्यंत कापा. इथे हात आखडता घेऊ नका.