राकसकोप ते कणकुंबी: जंगलवाटा चालण्यापूर्वी पाण्याची दिशा समजून घ्या

बेळगावच्या पश्चिमेला राकसकोप जलाशयापासून जांबोटी आणि कणकुंबीपर्यंत जे रान पसरले आहे, त्यात फलक लावून आखलेल्या पर्यटनवाटा फारशा नाहीत. इथे चालायचे ते गुराख्यांच्या, शेतांकडे जाणाऱ्या आणि देवस्थानांना जोडणाऱ्या पायवाटांनी. त्या पावसाळ्यात बुजतात, सुगीनंतर पुन्हा मळतात आणि मोबाइलच्या नकाशावर क्वचितच दिसतात. म्हणून पाणी कोणत्या बाजूला वाहते हे आधी समजून घ्यावे.

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला माउली मंदिराजवळ उगम पावणारी मलप्रभा नदी पूर्वेकडे जाते आणि कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेकडे गोव्यात उतरते आणि पुढे मांडवी होऊन अरबी समुद्र गाठते. वाट चुकल्यास ओढ्याच्या कडेने खाली उतरावे, असे अनेक जण सांगतात. पूर्वेकडच्या उतारावर ते बरेचदा खरे ठरते, कारण तिकडचे ओढे पसरट खोऱ्यातून वाहत भाताच्या शेतांकडे येतात. पश्चिमेला हाच सल्ला जिवावर बेतू शकतो. घाटमाथा संपला की तिथले ओढे सरळ कड्यावरून कोसळतात. जांबोटीजवळचा वज्रपोहा धबधबा हे त्याचे ठळक उदाहरण आहे. त्यामुळे वाट हरवल्याची शंका येताच पुढे न जाता, जिथवरची वाट खात्रीची होती तिथवर आल्या पावली परतावे.

नवख्यांनी सुरुवात राकसकोपपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. बेळगावहून बेळगुंदीमार्गे तिथे जाता येते, चढ बेताचा आहे आणि पाणी नजरेसमोर राहिल्याने दिशाभूल होत नाही. मार्कंडेय नदीवरचा हा जलाशय शहराला पिण्याचे पाणी पुरवतो. त्यात पोहणे, भांडी धुणे किंवा काठावर कचरा टाकणे म्हणजे आपल्याच नळाचे पाणी नासवणे होय. धरणाच्या भिंतीवर आणि पंपगृहाच्या आवारात परवानगीवाचून जाऊ नये. उन्हाळ्याकडे पाणी ओसरू लागले की काठाचा गाळ उघडा पडतो. त्याचा वरचा थर वाळून भेगाळतो आणि घट्ट दिसतो, पण खाली तो ओलाच असतो आणि पाय घोट्याच्या वर सहज रुततो. काठीने चाचपल्याशिवाय त्यावर पाऊल टाकू नये. शक्यतो झाडोऱ्याच्या कडेनेच चालावे.

जांबोटी-कणकुंबीकडे जायचे तर दिवाळीनंतरचे तीन-चार महिने उत्तम. कणकुंबी आणि आमगावचा परिसर कर्नाटकातील सर्वाधिक पावसाच्या भागांत मोडतो. पावसाळ्यात इथले ओढे तासाभरात फुगतात, आणि सकाळी गुडघाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी परतीची वाट अडवतो. त्या दिवसांत जळवाही फार असतात. विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत, मोज्यांवर तंबाखूचे पाणी लावावे, आणि चिकटलेली जळू ओढून न काढता तिच्यावर मीठ टाकावे. उन्हाळ्यात धोका वणव्याचा. वाळलेल्या गवताच्या सड्यावर चूल पेटवणे किंवा विडी-सिगारेट ओढणे पूर्णपणे टाळावे.

आता परवानगीविषयी, कारण सर्वाधिक गैरसमज इथेच होतात. याच रानातला भीमगड परिसर 2011 मध्ये वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार अभयारण्यात पर्यटकाला परवान्याशिवाय प्रवेश नाही. गावकरी त्या वाटेने रोज ये-जा करतात म्हणून ती आपल्यालाही खुली ठरत नाही. खानापूर किंवा जांबोटीच्या वनखात्याच्या कार्यालयात आधी चौकशी करावी आणि जी वाट बंद आहे असे सांगितले जाईल तिचा हट्ट धरू नये. बारापेडे गुहांच्या बाबतीत तर मुळीच नाही. रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ हे अतिशय दुर्मीळ वटवाघूळ तिथे राहते, आणि विजेरीचा उजेड व माणसांचा वावर यांनी त्याची वसाहत विस्कटू शकते.

गवे आणि अस्वले या रानात आहेत. वाट वळते तिथे आणि दाट करवंदीच्या जाळ्यांजवळ साध्या आवाजात बोलत चालावे. अस्वलाला आपली चाहूल आधी लागली तर ते बहुधा स्वतःच बाजूला होते. एकटा गवा दिसला तर थांबावे, त्याला वाट द्यावी आणि छायाचित्रासाठी पुढे सरकू नये. किमान तिघांनी मिळून जावे आणि जवळच्या गावातला एक जाणता माणूस रीतसर मोबदला ठरवून सोबत घ्यावा. फलक बहुतेक कन्नडमध्ये असले तरी खानापूरच्या पश्चिम भागातल्या गावांत मराठी सर्रास बोलली जाते, त्यामुळे विचारपूस करायला अडचण येत नाही. ‘अमुक गाव किती लांब?’ असे विचारण्यापेक्षा ‘वाटेत ओढे किती, आणि आज पाणी किती आहे?’ असे विचारावे; त्या उत्तरावरून पुढे जायचे की नाही हे ठरवता येते.

आत गेल्यावर मोबाइलचा भरवसा धरू नये. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे निघण्यापूर्वी गावातल्या दुकानदाराला सांगून ठेवावे. परतीच्या शेवटच्या बसची वेळ बेळगावच्या बसस्थानकावरच विचारून घ्यावी, आणि वाट अर्धीच झाली असली तरी दुपारी दोनच्या सुमारास माघारी फिरावे.