'युटोपिया' वाचताना पुढचं पान उलटा

एम.ए.च्या पहिल्या वर्षी इंग्रज लेखक टॉमस मोरच्या 'युटोपिया' या काल्पनिक बेटावरच्या पुस्तकावर निबंध लिहिला आणि मोरला धार्मिक सहिष्णुतेचा मोठा पुरस्कर्ता ठरवून मोकळी झाले. सरांनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं, 'पुढचं पान वाचलंस का?' या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांना मला तेच सांगायचंय.

पुस्तक 1516 सालचं. कॅथलिक चर्चविरुद्धचं मार्टिन ल्यूथरचं बंड एका वर्षावर आलेलं. पुस्तकातल्या युटोपस राजाला हे बेट सहज जिंकता आलं, कारण तिथले लोक धर्मावरून आपसांत भांडत होते. म्हणून त्याने कायदा केला: ज्याला जो धर्म हवा तो पाळावा, दुसऱ्याला शांतपणे पटवावाही, पण शिवीगाळ, दंडेली केली तर हद्दपारी किंवा गुलामी. नवा ख्रिस्ती झालेला एक जण बाकी सगळ्यांना नरकात धाडू लागला, तर त्यालाच देशाबाहेर काढलं.

मी इथे थांबले होते. पुढे येतं की आत्मा शरीराबरोबर मरतो असं मानणाऱ्याला पद नाही, मान नाही, सामान्य लोकांपुढे बोलायची मुभा नाही. शारीरिक शिक्षा मात्र नाही, आणि पुरोहितांशी वाद घालायला उलट उत्तेजन!

मोर 1529 मध्ये इंग्लंडचा चॅन्सेलर, म्हणजे राजाचा सर्वोच्च मंत्री झाला, त्याच्या कारकिर्दीत सहा जणांना पाखंडी म्हणून जाळलं गेलं. हे कळल्यावर त्याला दांभिक म्हणून पुस्तक मिटू नका. बेटाचं वर्णन राफाएल नावाचा प्रवासी करतो, आणि पुस्तकात पात्र म्हणून येणाऱ्या मोरला त्याचं सगळं पटत नाही.

माझी वही अशी: आत कोण, बाहेर कोण, कारण काय. तीन रकाने. कुठलाही ग्रंथ घ्या, लेखकाची भीती दुसऱ्या रकान्यात सापडते. तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या सहिष्णुतेवरच्या 1689च्या पत्रात तिथे नास्तिक आहेत. 1663 साली अमेरिकेत डेलावेअरच्या काठी 41 जणांची वसाहत नेणाऱ्या डच प्लॉकहॉयला समतेची खरी तळमळ होती. पण त्याच्याही आराखड्यात हट्टी पंथीयांना दार बंद होतं. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी ती वसाहत लुटली.

मोरनंतर इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनचं 'न्यू अटलांटिस' घ्या, छोटंसं आहे. त्यात बेन्सालेम बेटावर जोआबिन नावाचा ज्यू व्यापारी आपला धर्म सांभाळून सुखाने राहतो. पण येशूबद्दल तो आदराने बोलतो, हे बेकन आवर्जून सांगतो. जोआबिनचं नाव मी अजून कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नाही.