पावसाआधी थोडं काड राखून ठेवा, पंप धुण्याच्या जागेसाठी

मळणी उरकली की काड, तूस, दाणे काढलेली कणसं आणि छाटलेल्या फांद्या यांचे ढीग बांधावर पडून राहतात, आणि पाऊस तोंडावर आला की त्यांना काडी लागते. यंदा पेटवण्याआधी त्यातलं थोडं बाजूला काढा. विहिरीत आणि नाल्यात उतरणारं बरंच विष याच काडाच्या जोरावर शेताच्या हद्दीत अडवता येतं. मात्र फवारणी सुरू झाल्यावर हे काम हाती घेऊन उपयोग नाही. काडाला तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो, म्हणून आत्ताच सुरुवात करा.

फवारणी झाल्यावर पंप जिथे धुतला जातो, ती जागा एकदा उकिडवं बसून नीट बघा. बहुतेक वेळा ती पाण्याच्या जवळच असते, कारण धुवायला पाणी लागतं. टाकीच्या तळाचं पांढुरकं पाणी तिथेच ओततात, नोझल तिथेच खळबळून घेतात, औषध मोजताना चार थेंब तिथेच सांडतात. त्या हातभर जागेत गवताची काडी उगवत नाही, माती टणक होऊन बसलेली असते. शेतभर पसरलेलं औषध मातीतले जिवाणू हळूहळू पचवतात. एकाच ठिकाणी वारंवार पडणारं औषध त्यांच्या आवाक्याबाहेर जातं आणि पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर खाली उतरतं. पाण्यात औषध सापडलं की आपण शेताकडे बोट दाखवतो, पण आधी या हातभर जागेकडे बघायला हवं.

याच जागेसाठी स्वीडनमध्ये १९९३ साली एक साधा उपाय पुढे आला आणि तिथून तो अनेक देशांत गेला. त्याला आपण औषध पचवणारा वाफा म्हणू. विहीर, नाला आणि पुराचं पाणी यांपासून दूर, साधारण ६० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या. तळाशी चिकणमाती चोपून बसवा. भूजल वर असेल किंवा जमीन हलकी असेल, तर जाड प्लास्टिकचं अस्तर हवंच. भरायचं मिश्रण घमेल्याने मोजा: २ घमेली बारीक केलेलं काड, १ घमेलं शेतातली वरची माती, १ घमेलं पूर्ण कुजलेलं कंपोस्ट. पाणी शिंपडून ते नीट कालवा. मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, पण बोटांमधून पाणी गळता कामा नये. ढीग झाकून ४ ते ६ आठवडे ठेवा आणि मधे एकदा खालीवर करा. काडावर पांढऱ्या तंतूंची जाळी दिसू लागली की काम जमलं म्हणायचं. ही जाळी म्हणजे काडातला लिग्निन हा चिवट भाग फोडणाऱ्या बुरशा. त्यासाठी त्या जी विकरं (एन्झाइम) सोडतात, तीच विकरं अनेक कीटकनाशकांचे आणि तणनाशकांचे रेणूही तोडतात. काडाची खरी कामगिरी हीच आहे.

वाफा भरला की वर गवत लावा. गवत पाणी ओढून हवेत सोडतं, त्यामुळे वाफा तुंबत नाही. शिवाय एखाद्या जागी गवत पिवळं पडलं, तर तिथे औषध सांडलंय हे लगेच कळतं. पाऊस जोराचा असेल तिथे वर छप्पर घाला, नाहीतर वाफा धुऊन जाईल. काड कुजून वाफा दरवर्षी खाली बसतो, म्हणून हंगामाआधी ताज्या मिश्रणाची भर घाला. ५ ते ८ वर्षांनी सगळं काढून नव्याने भरा. काढलेलं मिश्रण वर्षभर झाकून कुजवल्याशिवाय शेतात टाकू नका.

दोन गोष्टी या वाफ्यात कधीच ओतू नका. एक म्हणजे बाटलीत उरलेलं कडक औषध, कारण त्याने बुरशीच मरते. दुसरी म्हणजे मोरचूद, बोर्डो मिश्रण यांसारखी तांब्याची औषधं. तांबं हा धातू आहे. तो कुजत नाही, मोडत नाही, वाफ्यात साठत राहतो.

धातूंचा विषय निघालाच आहे, तर फळांच्या साली आणि तूस पाण्यातले विषारी धातू ओढून घेतात असं जे ऐकायला मिळतं, त्याबद्दलही इथे सांगतो. ते खोटं नाही. सालीतल्या पेक्टिन आणि सेल्युलोज या घटकांवर असे रासायनिक गट असतात की पाण्यातलं शिसं, तांबं, कॅडमियम त्यांना चिकटतं. २०११ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी केळीच्या सालीने नदीच्या पाण्यातलं तांबं आणि शिसं ओढून दाखवलं. पण चिकटलेला धातू नाहीसा होत नाही, तो पाण्यातून सालीत येतो इतकंच. अशी साल खड्ड्यात टाकली तर मातीत विष, जनावरापुढे टाकली तर दुधात विष. पाणी फार आंबट असेल तर साल धातू नीट धरत नाही. आर्सेनिक आणि फ्लोराइड तर कच्च्या सालीला फारसं जुमानतच नाहीत. म्हणून विहिरीत धातू असल्याची शंका असेल, तर सालींच्या भरवशावर राहू नका. पाणी तपासून घ्या आणि तोवर दुसरीकडचं प्या.

खतातलं नायट्रेट ही निराळी गोष्ट आहे आणि तिथे लाकडाचे तुकडे मन लावून काम करतात. शेताचा निचरा जिथे एकत्र येतो तिथे चर खणून तो लाकडाच्या तुकड्यांनी भरायचा आणि वरून माती घालायची. चर पाण्याने भरलेला राहिला की आत हवा उरत नाही. मग जिवाणू लाकडातल्या कार्बनवर जगतात आणि श्वासासाठी नायट्रेट वापरतात. त्याचा साधा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. पाणी चरात काही तास तरी रेंगाळलं पाहिजे. ते फारच साचलं तर कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, तेव्हा बाहेरचं तोंड थोडं मोकळं करा. भुसा भरू नका, तो गच्च बसतो. रंग किंवा औषध लावलेलं लाकूड तर नकोच. मक्याची कणसं नायट्रेट जास्त वेगाने काढतात पण लवकर संपतात. लाकूड दहा वर्षं सहज टिकतं. सुरुवातीचे काही दिवस बाहेर चहासारखं तपकिरी पाणी येईल. ते मासे असलेल्या तळ्यात सोडू नका.

शेततळ्यातल्या शेवाळासाठी बार्लीचं काड टाकतात. ते असलेलं शेवाळ मारत नाही, नवं वाढायला अटकाव करतं, तेही दरवेळी नाही. टाकायचंच तर पाणी तापण्याआधी, जाळीत सैल भरून, पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १० ते २५ ग्रॅम. जास्त टाकलं तर कुजताना ते पाण्यातला ऑक्सिजन संपवतं आणि सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात.

पावसातल्या गढूळ पाण्यासाठी शेवग्याच्या बियांची तेल काढल्यानंतर उरलेली पेंड जपून ठेवा. तिच्यातली प्रथिनं मातीच्या कणांना एकत्र आणून तळाशी बसवतात. पूड थोड्या स्वच्छ पाण्यात कालवून गाळून घ्या, गढूळ पाण्यात ओतून मिनिटभर जोरात आणि पुढे पाच मिनिटं सावकाश ढवळा, मग तासभर हात लावू नका. वरचं नितळ पाणी अलगद काढून घ्या. ते दिसतं नितळ, पण जंतू त्यात उरलेले असतात आणि दिवसभरात पुन्हा वाढतात, म्हणून प्यायचं असेल तर उकळूनच, आणि त्याच दिवशी.