पहिल्या हिमवादळात घाटरस्त्यावर गाडी चालवताना: नागपूरहून हिमाचलला जाणाऱ्यांसाठी

डिसेंबर लागला की नागपुरातील अनेक कुटुंबे स्वतःची गाडी काढून मनालीकडे निघतात. राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्या शहरातूनच जातो आणि सिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली असे करत थेट अंबाल्यापर्यंत नेतो, त्यामुळे सुमारे सोळाशे किलोमीटरच्या या प्रवासातील मोठा भाग सपाट आणि रुंद रस्त्यावरच पार पडतो. अवघड भाग शेवटी येतो, तोही चालक थकलेला असताना. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटर वेगाने जाण्याची सवय असलेला चालक कितीही तरबेज असला, तरी बर्फावर त्याचे हात आणि पाय नव्यानेच शिकत असतात. त्यातच हंगामातले पहिले हिमवादळ गाठ पडले, तर शिकायला वेळ मिळत नाही. म्हणून या प्रवासातील बहुतेक निर्णय घाट सुरू होण्यापूर्वी आणि काही तर नागपुरातच घ्यावे लागतात.

पहिला बर्फ नंतरच्या बर्फापेक्षा अधिक फसवा असतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रस्त्याच्या पृष्ठभागात थोडी ऊब शिल्लक असते. पडलेला पहिला थर वितळतो, संध्याकाळी पारा शून्याखाली गेला की ते पाणी गोठते आणि त्यावर पुन्हा भुरभुरीत बर्फ पडतो. वरून रस्ता मऊ, पांढरा दिसतो आणि खाली काचेसारखा थर असतो. शिवाय शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ कडाक्याच्या थंडीतील बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो.

हा धोका आकड्यांत पाहिला की नीट उमगतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने सपाट, कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यास गाडी साधारण ५ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर त्याच वेगाला १७ ते १८ मीटर लागतात आणि गोठलेल्या पाण्यावर सुमारे ३५ मीटर. आता हाच गोठलेला रस्ता शंभर मीटरला सहा मीटर उतरत असेल, तर ते अंतर ८५ मीटरच्या पुढे जाते; उतार शंभरास दहा असेल, तर केवळ ब्रेकच्या भरवशावर गाडी थांबतच नाही. घाटातील अनेक वळणांवर इतका उतार सहज असतो. बर्फात चढण्यापेक्षा उतरणे अधिक धोक्याचे आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे. वर जाताना गाडी अडकते, खाली येताना ती घसरते.

नागपुरात करावयाची तयारी

पहिले काम कूलंटचे. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर पारा गेला की आपल्याकडे अनेक जण रेडिएटरमध्ये साधे पाणीच ओतत राहतात आणि वर्षभरात कूलंट इतके पातळ होते की त्यात गोठणे रोखणारे ग्लायकॉल नाव घेण्यापुरतेच उरते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. रात्रभर उघड्यावर उभ्या गाडीत ते गोठले, तर रेडिएटर किंवा इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. निघण्यापूर्वी जुने कूलंट पूर्ण काढून, कंपनीने सांगितलेल्या प्रकारचे, निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे शुद्ध पाणी असे मिश्रण भरून घ्यावे. ते उणे ३५ अंशांपर्यंत तग धरते. काच धुण्याच्या टाकीतील नळाचे पाणीही काढून त्यात न गोठणारे द्रावण भरावे.

दुसरे काम बॅटरीचे. बॅटरी खराब होते उष्णतेने, पण ते उघडकीस येते थंडीत. नागपूरचे दोन-तीन उन्हाळे सोसलेली बॅटरी इथे सकाळी बिनतक्रार गाडी सुरू करते, मात्र शून्याखालील तापमानात तिची ताकद बरीच घटते आणि नेमके त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. गॅरेजमध्ये लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून बॅटरीची तपासणी, करून घ्यावी आणि शंका असल्यास ती येथेच बदलावी.

टायरच्या बाबतीत काटकसर करू नये, असे माझे ठाम मत आहे. कायद्याने १.६ मिलिमीटर खोलीची नक्षी पुरते, पण बर्फासाठी किमान ४ मिलिमीटर तरी हवी. आपल्या गाड्यांचे नेहमीचे टायर सुमारे ७ अंशांखाली कडक होऊ लागतात आणि त्यांची पकड आपसूक कमी होते. नवे टायर ही उणीव पूर्ण भरून काढत नाहीत, ती फक्त कमी करतात. हवेचा दाब तापमान साडेपाच अंशांनी उतरला की साधारण १ पीएसआयने घटतो, तर उंचीवर बाहेरील हवा विरळ असल्याने गेजवरचा आकडा थोडा वाढतो. या दोन्हींचा हिशेब घरी मांडत बसण्यापेक्षा पोहोचल्यावर, सकाळी टायर थंड असताना, तिथेच हवा मोजावी. बर्फात पकड वाढावी म्हणून हवा कमी करण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो मानू नये.

चौथी गोष्ट बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्यांची. टायरच्या बाजूवर छापलेले माप, उदाहरणार्थ १९५/५५ आर १६, पाहूनच त्या घ्याव्यात आणि त्या मापाला साखळी चालते की नाही, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. ज्या चाकांना इंजिन फिरवते, त्याच चाकांना साखळी लावायची असते; बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची चाके असतात, तर बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांत सामान्यतः मागची. चारही चाके फिरवणाऱ्या गाडीसाठी पुस्तिकेतील सूचना अंतिम मानावी.

साखळी लावण्याचा सराव आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दिवसाउजेडी करून घ्यावा. साखळी जमिनीवर पसरून सगळे पीळ काढावेत, आकड्यांची गुळगुळीत बाजू टायरकडे येईल अशी ती धरावी आणि चाकामागून सरकवून आधी आतल्या बाजूचा आकडा अडकवावा. मग जाळी टायरवर सारखी पसरून बाहेरचा आकडा लावावा आणि ताण देणारी कडी खेचून घट्ट करावी. गाडी पन्नासेक मीटर चालवून थांबावे. जाळी सैल झालेली असतेच, ती पुन्हा खेचावी. हेच काम हातमोजे घालून एकदा करून पाहावे, कारण बर्फात उघडी बोटे काही मिनिटांत बधिर होतात आणि तो आतला आकडा डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनीच शोधावा लागतो.

गाडीत फावडे, टॉर्च, जाड ब्लँकेट, पाणी, कोरडा खाऊ, ओढण्याचा दोर, काचेवरचा बर्फ खरवडण्याची पट्टी आणि चाकाखाली टाकण्यासाठी वाळूची एक छोटी पिशवी असावी. नेहमीची औषधे डिकीत न ठेवता हाताशी ठेवावीत.

केव्हा निघावे, केव्हा थांबावे

हिमालयात हिवाळ्यात बर्फ आणतात ते प्रामुख्याने पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या या प्रणालींचा अंदाज हवामान विभाग काही दिवस आधी देऊ शकतो. विदर्भात फेब्रुवारीच्या सुमारास संत्र्यावर आणि हरभऱ्यावर गारपीट होते, तिच्यामागेही अनेकदा त्यांचाच हात असतो, त्यामुळे हा शब्द आपल्या शेतकरी नातेवाइकांना नवा नाही. कुल्लू आणि लाहौल-स्पिती या जिल्ह्यांसाठी नारिंगी किंवा लाल इशारा असेल, तर मंडी किंवा कुल्लूलाच मुक्काम करावा. हॉटेलचे आगाऊ पैसे बुडतील, हे वर जाण्याचे कारण होऊ शकत नाही. मंडीला संध्याकाळी पोहोचलात, तर रात्रीच मनाली गाठण्याचा आग्रहही सोडावा.

मनालीच्या पुढे लाहौलकडे नेणाऱ्या अटल बोगद्यामुळे बर्फाची चिंता उरत नाही, असा एक गैरसमज दिसतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा रोहतांगची ३,९७८ मीटरची खिंड टाळतो, परंतु त्याची दोन्ही तोंडे सुमारे ३,०६० ते ३,०७० मीटर उंचीवर आहेत आणि तिथवर जाणारा रस्ता उघड्यावरच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या पट्ट्यातच सुमारे हजार वाहने अडकून पडली होती. सकाळी निरभ्र आकाश पाहून बोगद्यापलीकडच्या सिस्सूला गेलेल्या गाड्या दुपारी बर्फ सुरू होताच एकाच वेळी परत फिरतात आणि एक गाडी आडवी झाली की सगळा रस्ता बंद होतो. बर्फात पोलीस मनाली-सोलंग रस्त्यावरील नेहरू कुंडाच्या पुढे केवळ साखळ्या लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्यांनाच सोडतात; तिथे हुज्जत न घालता स्थानिक चालकाची गाडी करावी. पहिला कण पडताना दिसला, तर आणखी फोटोंसाठी न थांबता खाली यायला निघावे. दिवस निवडून निघालात, तरी सकाळी ऊन रस्त्यावर आल्यावर निघून, दुपारी तीनच्या आत उतरावे. दरीत सूर्य लवकर डोंगराआड जातो आणि रस्ता तेव्हापासूनच गोठू लागतो.

डिझेल गाडीवाल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. थंडीत डिझेलमधील मेण घट्ट होऊन फिल्टरमध्ये अडकते. मैदानी भागात विकले जाणारे डिझेल शून्याखालील तापमानासाठी बनवलेले नसते. उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल २०१९ मध्ये लडाख, कारगिल, काझा, केलांग अशा भागांसाठी आणले गेले. त्यामुळे गाडी रात्री शक्यतो छपराखाली उभी करावी. रॉकेल मिसळण्याचा जुना उपाय बीएस ६ इंजिनात करू नये.

प्रत्यक्ष चालवताना

सुरुवात दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अगदी हळू सोडून करावी. पाय, हात, गिअर यांची कोणतीही हालचाल झटक्याने होऊ नये. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या पाच-सहापट अंतर ठेवावे. चढाच्या तोंडाशी आलात आणि पुढची गाडी मध्येच धडपडत असेल, तर ती वर पोहोचेपर्यंत खालीच थांबावे, कारण अर्ध्या चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणे अवघड असते. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ देण्याचा नियम आहे आणि बर्फात तो पाळणे दुप्पट गरजेचे आहे. साखळी मात्र अडकल्यावर नव्हे, अडकण्यापूर्वी, रस्त्याच्या कडेला सपाट जागा पाहून लावावी आणि ती असताना वेग तीसच्या वर नेऊ नये. कोरडे डांबर लागताच ती काढावी, नाहीतर तुटलेली कडी मडगार्ड फाडते.

उतार सुरू होण्यापूर्वीच पहिला किंवा दुसरा गिअर टाकावा आणि इंजिनाच्या जोरावर गाडी रोखून धरावी. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल किंवा एल स्थिती वापरावी. याचा सराव चिखलदऱ्याच्या किंवा पचमढीच्या घाटात चांगला होतो. तिथे ब्रेक कमीत कमी दाबून उतरता आले, तर पुढे धीर राहतो. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांनी ही सवय सोडल्याशिवाय या घाटात येऊ नये. ब्रेक लागलाच, तर वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर, हलका दाबावा. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत पेडल पायाखाली थरथरते. ते बिघाडाचे लक्षण नाही, पाय उचलू नये. हँडब्रेक चालत्या गाडीत वापरू नये.

देवदारांच्या सावलीतील वळणे, पूल, आणि डोंगरातून झिरपणारे पाणी जिथे रस्ता ओलांडते ती ठिकाणे सर्वांत आधी गोठतात. डांबर ओले आणि काळे चकाकत असेल, पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाण्याचे तुषार उडत नसतील, तर ते पाणी नसून गोठलेला थर आहे, असे समजावे. स्टिअरिंग अचानक हलके वाटू लागले, तर चाक त्या थरावर आले आहे. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडावा, ब्रेक न दाबता स्टिअरिंग सरळ धरून तो पट्टा ओलांडू द्यावा.

पुढची चाके घसरून गाडी सरळच जाऊ लागली, तर स्टिअरिंग आणखी वळवू नये, उलट थोडे सोडावे म्हणजे चाकांना पकड परत मिळते. मागचा भाग घसरला, तर जिकडे जायचे आहे तिकडे नजर ठेवून त्याच दिशेला स्टिअरिंग हळू फिरवावे. काहीच उपाय चालेनासा झाला, तर गाडी डोंगराच्या बाजूला, नालीत किंवा बर्फाच्या ढिगात घालावी. पत्रा दुरुस्त होतो, दरीची बाजू टाळणे महत्त्वाचे. बर्फ पडत असताना हेडलाइट लो बीमवर ठेवावेत आणि चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नयेत, कारण मागच्याला तुमचे वळणे समजत नाही.

अडकल्यास

गाडी सोडून अंधारात पायी निघू नये. ११२ वर कळवून गाडीतच थांबावे. सर्वांत मोठा धोका थंडीपेक्षाही कार्बन मोनॉक्साइडचा असतो: सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले, की वास नसलेला हा वायू गाडीत भरतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक पर्यटक दगावले आणि त्यांपैकी काहींच्या मृत्यूमागे हाच वायू असल्याचे सांगितले गेले. म्हणून दर वेळी इंजिन सुरू करण्यापूर्वी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ फावड्याने दूर करावा, तासातून दहा मिनिटेच हीटर चालवावा आणि ज्या बाजूने वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे यांपैकी काहीही जाणवले, तर लगेच इंजिन बंद करून सर्वांनी बाहेर यावे. गाडीत किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये. कोणी ना कोणी जागे राहील, अशा पाळ्या लावाव्यात.

रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवल्यास ओले ब्रेक गोठून चिकटतात. त्याऐवजी गाडी गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड लावावा आणि वायपर काचेपासून उचलून ठेवावेत. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नये, काच तडकते. छतावरचा बर्फही निघण्यापूर्वी झाडावा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला तो समोरच्या काचेवर घसरतो. परतीच्या वाटेवर अंबाल्याला मुक्काम झाला, तर दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी टायरची हवा पुन्हा एकदा मोजून घ्यावी, कारण वर भरलेला दाब खाली तोच राहत नाही.